बघितलेला क्रँक

लोखंड खोटं बोलत नाही असं माझ्यासमोर कुणी म्हणालं की माझं डोकं फिरतं. ज्यांनी लोखंडाला कधी हात लावला नाही तेच असलं बोलतात. मी तेलगावात सगळी हयात क्रँक घासण्यात घालवली आहे आणि लोखंडाइतकी साळसूद वस्तू मी पाहिलेली नाही. वरून आरशासारखं चमकतं, मायक्रोमीटर लावला तर माप बरोबर दाखवतं, आणि आत चिरलेलं असतं.

क्रँक म्हणजे काय हे न सांगता पुढं गेलो तर वाचणारे मला शिव्या देतील. इंजिनाच्या पोटात एक वाकडातिकडा जाड दांडा असतो. वर पिस्टन उड्या मारतात, त्या उड्यांचं गोल फिरणं हा दांडा करतो आणि त्या फिरण्यावर ट्रॅक्टर चालतो. या दांड्यावर जागोजागी गुळगुळीत गोल भाग असतात, त्यांना आम्ही पिना म्हणतो. पिन बेअरिंगच्या दोन पातळ वाट्यांत फिरते आणि मधे तेलाचा पापुद्रा असतो. तेल आटलं किंवा तेलात कचरा गेला की पिन झिजते आणि अंड्यासारखी लांबट होते. मग इंजिन ठोके द्यायला लागतं आणि मालक क्रँक काढून आमच्याकडं आणतो. आम्ही पिनेचं उभंआडवं माप घेतो, क्रँक मशिनीवर चढवतो आणि दगडानं घासून ती पुन्हा गोल करतो. घासली की पिन बारीक होते, म्हणून बेअरिंग तेवढंच जाड घालायचं. याच्या पायऱ्या इंचाच्या हजाराव्या भागात ठरलेल्या असतात, दहा, वीस, तीस. ज्या पायरीला घासलं तो आकडा क्रँकवर पंचानं, म्हणजे लोखंडी ठशानं, ठोकून ठेवायचा, म्हणजे पुढच्या मिस्त्रीला कळतं. धंदा एवढाच आहे.

गिऱ्हाइकं मात्र एकेक नमुना. एकानं नव्या बेअरिंगचे पैसे वाचवायला वाटीमागं सिगारेटच्या पाकिटातली चांदी घालून इंजिन बांधलं होतं, आणि ते का बसलं हे मला विचारायला आला होता. दुसऱ्यानं क्रँक बायकोच्या जुन्या लुगड्यात गुंडाळून मांडीवर घेऊन एस.टी.नं आणला. कंडक्टरनं लेकरू कितव्या महिन्याचं म्हणून विचारलं म्हणे. असल्या लोकांवर मी मनसोक्त ओरडायचो. माझं तोंड वाईट आहे हे वडवणीपासून परळीपर्यंत सगळ्यांना माहीत आहे. तरी लोक यायचे, कारण बब्रुवान मिस्त्रीनं बघितलाय म्हटल्यावर विषय संपायचा. इंजिन बांधणारे फिटर दुसऱ्या कुणाचं माप पुन्हा घेऊन बघायचे, माझं नाही. याचा मला लई अभिमान होता. पुढं मला मोठा हादरा दिला तो याच गोष्टीनं.

सिरसाळ्याच्या अलीकडं एका गावात आबा नावाचे मुकादम होते. मुकादम म्हणजे ऊसतोडीच्या टोळ्या जमवून कारखान्यावर नेणारा माणूस. आबा माझ्यापेक्षा मोठे, शांत स्वभावाचे, आणि माझ्या शिव्या ऐकून हसणारे एकमेव गिऱ्हाईक. एका वर्षी त्यांच्या ट्रॅक्टरचा क्रँक त्यांनी माझ्याकडं आणला. मापं छान होती. वीसला घासला तर सहज निघाला असता. पण माझी एक सवय होती. मापं घेऊन झाली की मी क्रँक साखळीला टांगायचो आणि लहान हातोडीनं टिचकी मारायचो. धड क्रँक देवळातल्या घंटेसारखा वाजतो आणि वाजत राहतो. हा भद्द वाजला.

मग पुढची तपासणी. क्रँक रॉकेलनं भिजवायचा, कोरडा पुसायचा आणि वरून पांढरी पावडर चोळायची. चीर असेल तर तिच्यात मुरलेलं रॉकेल हळूहळू बाहेर येतं आणि पांढऱ्यावर काळी रेघ उमटते. तिसऱ्या पिनेच्या कोपऱ्यात, जिथं पिन बाजूच्या जाड भागाला मिळते तिथं, नखाएवढी रेघ उमटली. कोपऱ्यातली चीर म्हणजे क्रँकचा कॅन्सर. कितीही घासा, ती आत चालतच राहते.

मी म्हणालो, "आबा, हा मेला. नवा घाला."

आबांनी रेघ डोळे बारीक करून बघितली. "तुमी म्हन्ता म्हंजी मेला," ते म्हणाले. "पन टाकू कावून? म्हशीला खुंटा होईल."

आमच्याकडं हे नवीन नाही. मेलेला क्रँक अर्धा जमिनीत गाडला की त्याच्यासारखा खुंटा नाही. वाकड्या अंगामुळं म्हशीनं कितीही हिसका दिला तरी तो उपटत नाही. कितीतरी दारांत माझ्या हातून नापास झालेले क्रँक म्हशी धरून उभे आहेत. आबा तो घेऊन गेले, नवा बसवला, आणि पुढं काही वर्षांनी वारले.

मी पण थकलो. मशीन पोराच्या, म्हणजे अविनाशच्या, हवाली केली. तो दोन लेकरांचा बाप आहे आणि त्याचा हात माझ्यापेक्षा स्थिर आहे, हे मी त्याला कधी बोलून दाखवलं नाही. दुकानात बसलो की माझी त्याच्या कामात लुडबूड व्हायची, म्हणून मोटारसायकल काढून मी जुन्या गिऱ्हाइकांकडं चहाला हिंडायला लागलो.

असाच दिवाळीआधी एकदा सकाळी आबांच्या दारात गेलो. टोळ्या निघायचे दिवस होते. गावात निम्म्या घरांना कुलपं होती. आबांच्या बायकोनं, म्हणजे वहिनींनी, चहा टाकला. मी ओट्यावर टेकलो आणि समोर बघितलं तर म्हैस बैलगाडीच्या चाकाला बांधलेली. खुंट्याच्या जागी खड्डा.

"वहिनी, खुंटा कुठं गेला?"

"त्यो व्हय," वहिनी आतूनच म्हणाल्या. "म्हादूनं काढून नेला की. ट्रॅक्टरात घातला."

मला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. महादेव हा त्यांचा थोरला. आबांच्या मागं मुकादमकी तोच बघतो. वहिनी चहा घेऊन बाहेर आल्या आणि पुढं सांगायला लागल्या. टोळी निघायच्या तोंडावर इंजिन बसलं आणि आतला क्रँक गेला. ट्रॅक्टर जुना, आबांच्या वेळचाच, त्याचा क्रँक आता कुठं मिळेना. मग महादेवला खुंट्याची आठवण झाली. दरवर्षी पोळ्याला बैलांच्या शिंगांचा उरलेला निळा रंग वहिनी त्या खुंट्याला लावायच्या, म्हणून आतलं लोखंड चांगलं राहिलं होतं म्हणे.

"ह्ये म्हनायचे न्हाईत का, ह्यो मिस्त्रीनं बघितलेला क्रँक हाय म्हनून," वहिनी म्हणाल्या. "जपूनच ठिवला व्हता की त्यांनी. बगा, कसा येळंला कामी आला."

आबा बोलले असतील यात शंका नव्हती. मिस्त्रीनं बघितलाय, असं ते म्हणालेही असतील. काय बघितलं ते सांगायचं राहिलं आणि आबा गेले. मागं राहिलेल्यांनी माझं नाव ऐकलं आणि त्यातून भलताच अर्थ घेतला.

"ट्रॅक्टर कुठाय, वहिनी?"

"सकाळीच नारळ फोडून गेलेत की. दोन ट्रॉल्या भरून. धाकट्या सुनबाई बी गेल्यात."

महादेवला फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. ट्रॅक्टरवर बसलेल्या माणसाला फोन ऐकू येत नाही. पुन्हा लावला, पुन्हा तेच. मी चहा तसाच ठेवला आणि गाडीला किक मारली.

टोळी पश्चिमेकडं चालली होती, म्हणजे तेलगाव, वडवणी, बीड आणि पुढं मांजरसुंब्याचा घाट. मला फक्त घाट दिसत होता. सपाट रस्त्यावर क्रँक तुटला तर इंजिन धाडकन थांबतं, फार तर लोक एकमेकांवर आपटतात. पण चढाला सगळं वजन क्रँकवर येतं आणि तो तुटायचा असला तर तिथंच तुटतो. पुढं ओढणारं काही उरत नाही, मागं माणसांनी भरलेल्या दोन ट्रॉल्या, आणि ट्रॉलीला स्वतःचा ब्रेक नसतो. दोन ट्रॉल्या ट्रॅक्टरला उलटं ओढत खाली येतात. आमच्या भागात हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. गाडी चालवताना मी मोठमोठ्यानं बोलत होतो एवढं आठवतं. काय बोलत होतो ते आठवत नाही. तेलगावात आमच्या दुकानासमोरून गेलो, पण थांबलो नाही.

घाटाच्या पायथ्याला एका हॉटेलाच्या आडोशाला ट्रॅक्टर उभा दिसला. इंजिन चालूच होतं. लोक चहा पिऊन ट्रॉलीत परत चढत होते. भांडी, धान्याची पोती, कोंबड्यांची खुराडी, वर लेकरं. ड्रायव्हरनं एक पाय क्लचवर ठेवला होता. मी मोटारसायकल ट्रॅक्टरच्या तोंडासमोर आडवी टाकली, वर चढलो आणि इंजिन बंद करायचा दांडा ओढला.

महादेव धावत आला. "काका? काय झालं? आई बरी हाय ना?"

"आई बरी हाय. तुझं डोकं बरं हाय का?" मी म्हणालो, आणि मग माझं तोंड सुटलं. चिरलेला क्रँक, म्हशीचा खुंटा, आणि तू त्याच्या जिवावर ही लेकरं घाटात न्यायलास. लोक खाली उतरून भोवती जमले. महादेव गोंधळला होता. तो म्हणाला की आठ दिवस झाले चालायलंय, शेतात चाललं, लाकडं वाहिली, ठोका नाही, आवाज नाही. ड्रायव्हर म्हणाला की नारळ फोडून निघालेली गाडी अशी अडवू नये. त्यानं मी आणखीच पेटलो.

"आनि हा घासून दिला कुणी?" मी ओरडलो. "कोण नालायक बसलाय दुकान मांडून? चिरलेला क्रँक डोळ्यानं दिसत न्हाई त्याला? त्याची मशीन उचलून गोदावरीत टाकतो. नाव सांग त्याचं."

महादेवनं ड्रायव्हरकडं बघितलं, ड्रायव्हरनं खाली बघितलं.

"सांग की बे."

"काका," महादेव हळूच म्हणाला, "तुमच्याच दुकानात घासलाय."

मी त्याला खोटारडा म्हणालो. मला ते खरंच वाटलं नाही. अविनाशला मी रॉकेल आणि पावडर मशिनीच्या आधी शिकवली होती. खडू धरायच्या वयात त्यानं चिरा शोधल्या होत्या. मी ड्रायव्हरला म्हणालो, तेल काढ, खालचं झाकण उतरव, मला बघू दे. महादेव आधी नको म्हणाला. तेव्हा ट्रॉलीतली एक म्हातारी चुलीचं सामान काखेत घेऊन खाली उतरली आणि झाडाखाली जाऊन बसली. मग एकेक करून सगळे उतरले. महादेवनं हत्यारांच्या पेटीतून पाने काढले.

हॉटेलाशेजारी एक पंक्चरवाला होता, त्याचा जॅक घेतला. इंजिन निवायची वाट बघितली. तेल काढलं, झाकण उतरवलं, तिसऱ्या पिनेची वाटी सोडवली. मी या वयात ट्रॅक्टरखाली पाठीवर झोपलो. क्रँकच्या बेचक्यात कुठं कुठं निळा रंग अजून चिकटलेला होता. आणि बाजूच्या जाड भागावर आकडा ठोकला होता, तीस. त्या तिनाच्या आकड्याचं खालचं टोक तुटकं होतं. आमच्या पंचाचं ते टोक माझ्याच हातून पडून तुटलं होतं. तसला तीन पुऱ्या जिल्ह्यात दुसरा नाही.

मी त्या तुटक्या टोकावरून अंगठा फिरवला, मग पुन्हा फिरवला. महादेवनं खाली वाकून विचारलं, "काका, बरं वाटत न्हाई का?" इतक्या लोकांसमोर मी ज्याला नालायक म्हणालो होतो तो माझा पोरगा होता.

मग म्हणालो, "पांढरी पावडर पायजे."

कुणाजवळ असणार? तेवढ्यात महादेवच्या धाकट्या भावाची नवी नवरी, पहिल्यांदाच टोळीत निघालेली, आपल्या पत्र्याच्या पेटीतून तोंडाला लावायच्या पावडरचा डबा घेऊन आली. "ही चालंल का, मामा?" तिनं विचारलं. दुकानात आम्ही वापरतो ती याच जातीची, फक्त तिला वास नसतो. पिन डिझेलनं भिजवली, थांबलो, पुसली, वरून पावडर चोळली. ट्रॅक्टरखाली मोगऱ्याचा वास पसरला. महादेव माझ्याशेजारी झोपून टॉर्च धरून होता.

रेघ यायला वेळ लागला नाही. मला नखाएवढी आठवत होती. ती कोपऱ्यातून निघून पिनेवरच्या तेल येण्याच्या भोकापर्यंत आली होती, भोकातून पुढं गेली होती, आणि निम्म्याहून जास्त पिनेला वेढा घालून पलीकडं दिसेनाशी झाली होती. जोडून होतं ते थोडंसंच लोखंड. एवढ्यावर ते दोन ट्रॉल्या ओढत इथपर्यंत आले होते. मी एवढे क्रँक बघितले, असा चालत्या इंजिनात कधी बघितला नव्हता.

महादेवला काही समजवावं लागलं नाही. तो टॉर्च तसाच चालू ठेवून बाहेर सरकला आणि रस्त्याच्या कडेला उकिडवा बसला. मग एकेक जण वाकून रेघ बघून गेला. नव्या नवरीनं बघितलं, मग घाटाकडं बघितलं आणि नवऱ्याला म्हणाली, "ही पेटी मी परत ट्रॉलीत ठिवनार न्हाई." संध्याकाळच्या आत दुसऱ्या मुकादमाचे दोन ट्रॅक्टर आले आणि टोळी पुढं गेली. महादेवचा ट्रॅक्टर ओढून परत आणला.

क्रँक बाहेर काढून दुकानात आणेपर्यंत मी अविनाशला काही सांगितलं नव्हतं. क्रँक टेबलावर ठेवला, पावडर चोळली आणि बाजूला झालो. मनात सगळं तयार होतं. घाटाच्या पायथ्याला बोललो होतो त्याच्या दुप्पट बोलणार होतो. त्यानं क्रँक फिरवत रेघ शेवटपर्यंत बघितली. तो स्टुलावर बसला.

"ह्यो आबांच्या म्हादूचा हाय," तो म्हणाला.

"व्हय. घाटाच्या पायथ्याला होता. वर लेकरं बसलेली. पावडर मारली होतीस का?"

"न्हाई."

"टांगून वाजवला होतास?"

"न्हाई."

"कावून?"

त्यानं वर बघितलं. पोरगा घाबरला नव्हता, गोंधळला होता. मी इतकी साधी गोष्ट का विचारतोय हेच त्याला कळत नव्हतं.

"म्हादूनं सांगितलं, ह्यो तुमी बघितलेला क्रँक हाय," तो म्हणाला. "बाबा, तुमी बघितलेलं मी परत कसं बघू?"

माझ्या तोंडात तयार असलेलं सगळं तिथंच राहिलं. माझ्यावर संशय घेणं त्याला अपमान वाटला होता. गिऱ्हाइकाला वाटलं नाही, फिटरला वाटलं नाही, आणि माझ्या पोटच्या पोरालाही वाटलं नाही की एकदा टिचकी मारून बघावं. माझ्या नावाचा जो दबदबा मी इतकी वर्षं मिरवला, त्यानंच त्या लेकरांना घाटापर्यंत नेलं होतं. यात खोटं कुणीच बोललं नव्हतं. आबा नाही, वहिनी नाहीत, महादेव नाही. क्रँक मी बघितलेलाच होता. मला त्या दिवशी जेवण गेलं नाही आणि अविनाशलाही नाही.

तो क्रँक आम्ही गॅसनं कापला. आता नापास झालेला कुठलाही क्रँक मालकाच्या समोर कापूनच परत देतो. म्हशीला खुंटा पाहिजे असेल तर अर्धा नेतो तो. लोक कुरकुरतात, माझ्या शिव्या खातात आणि घेऊन जातात. वहिनींना मात्र मी स्वतः जाऊन अर्धा तुकडा पुरून दिला. महादेवच्या ट्रॅक्टरला लांबून कुठून तरी दुसरा क्रँक मिळाला. तो अविनाशनं टांगून, भिजवून, पावडर मारून दिला, आणि महादेव सगळा वेळ शेजारी उभा होता.

मला दुकानात बसल्याशिवाय करमत नाही, म्हणून आता परत बसतो. आलेला क्रँक अविनाश बाहेरून येईपर्यंत माझ्याच्यानं तसा ठेववत नाही. मी मापं घेतो, टांगतो, वाजवतो, पावडर मारतो, पुसून परत जागेवर ठेवतो. अविनाश येतो, क्रँककडं बघतो आणि विचारतो, "बाबा, बघितला का?"

मी म्हणतो, "न्हाई."